दोन कॅल्क्युलेटर

साखरपुड्याचा फोटो दाखवायला तुम्ही फोन मावशींच्या हातात देता. एकच फोटो. मावशी बघतात, ‘जोडा छान दिसतोय हो’ म्हणतात आणि त्यांचं बोट आपसूक पुढच्या फोटोकडे सरकतं.

पुढे काय आहे, ते तुम्हाला आठवत नसतं. घाम फुटतो तो त्यामुळे.

खरं तर भानगड अशी काहीच नसते. पगाराच्या स्लिपचा स्क्रीनशॉट असतो. त्वचेच्या डॉक्टरांना पाठवायला काढलेला नायट्याचा फोटो असतो. याच मावशींनी सुचवलेलं एक स्थळ असतं आणि त्याच्या टकलाभोवती बहिणीने लाल गोल काढलेला असतो. पोलिसांनी बघितलं तरी चालेल. मावशींनी बघायला नको.

तरीही ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?’ असं ठणकावून विचारणारे एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना म्हणावं, काका, तुमचा फोन अनलॉक करा आणि पाच मिनिटं द्या बरं इकडे.

काकांना नेमका तेव्हाच कोणाचा तरी कॉल येतो.

लपवायचं सगळ्यांनाच असतं. आपल्याला ते कबूल करायची लाज वाटते, कंपन्यांना वाटत नाही. सॅमसंगने २०१७ मध्ये सिक्युअर फोल्डर दिला. गूगल फोटोजमध्ये २०२१ पासून लॉक्ड फोल्डर आहे. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये आधी चॅटला कुलूप दिलं आणि वर्ष संपायच्या आत ते कुलूपबंद चॅट यादीतूनच गायब करण्याची सोय दिली. उघडायचं तर गुप्त कोड टाका. २०२४ मध्ये ॲपल आणि गूगल दोघांनाही एकदमच जाग आली. आयओएस १८ पासून आयफोनवर आख्खं ॲप दडवता येतं, अँड्रॉइड १५ मध्ये त्यासाठी प्रायव्हेट स्पेस आहे. शाओमीच्या फोनवर ‘सेकंड स्पेस’ तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

हे नाव सुचवणारा नक्की लग्न झालेला असणार.

पण आपल्या लोकांना कंपनीने फुकट दिलेल्या कुलपावर भरवसा नसतो. त्यांना गुप्त काहीतरी पाहिजे असतं. मग ते कॅल्क्युलेटर उतरवून घेतात. दिसायला कॅल्क्युलेटर, चालायलाही कॅल्क्युलेटर, बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर करतो. फक्त ठरलेला आकडा टाकून बरोबरचं चिन्ह दाबलं की आतला कप्पा उघडतो. फोटो, व्हिडिओ, आणखी काय काय.

‘अहो, तुमच्या फोनमध्ये कॅल्क्युलेटर दोन-दोन कसे?’ हा प्रश्न आज ना उद्या येतोच. सतराचा पाढा न येणाऱ्या माणसाकडे त्याचं उत्तर नसतं.

बरं, हा दुसरा कॅल्क्युलेटर बनवला कोणी? त्याचं नाव? गाव? फुकट का देतो? दर दोन मिनिटांनी आतमध्ये जाहिरात कोणाची दिसते? बायकोला जे दाखवायचं नाही, ते तुम्ही कुठल्या देशातल्या कोणाच्या हवाली केलंत, तेवढं तरी माहीत आहे का?

नाही. पण रेटिंग चार पूर्णांक पाच आहे.

शिवाय असली बरीच ॲपं फोटो आपल्याच पोटात ठेवतात. जागा कमी पडली म्हणून एक दिवस तुम्ही ॲप उडवलंत की फोटोही त्याच्याबरोबर गेले. लपवणं इतकं यशस्वी होतं की मालकालाही सापडत नाही.

होस्टेलवाल्यांची वेगळी युक्ती. फोल्डरच्या नावाआधी एक टिंब द्यायचं, किंवा आत ‘.nomedia’ नावाची रिकामी फाइल टाकायची. अँड्रॉइडची गॅलरी तो फोल्डर दाखवत नाही. हुशारी आहे, मान्य. फक्त कुठल्याही फाइल मॅनेजरमध्ये ‘हिडन फाइल्स दाखवा’ असं एक बटण असतं आणि ते धाकट्या भावाला ठाऊक असतं.

आता समजा, सगळं नीट केलं. बँकेचं ॲप, मेल, गॅलरी, प्रत्येकाला बोटाचा ठसा. फोन टेबलावर उपडा न ठेवता सुलटा ठेवला. तेवढ्यात पडदा उजळतो आणि कुलूपबंद ॲप वरच्या वर सगळ्यांना वाचून दाखवतं: ‘पोचलास का रे? आजची साडी आवडली?’

नोटिफिकेशनमधला मजकूर लॉक स्क्रीनवर दिसू नये, अशी सेटिंग असते. ती बदलायला तीस सेकंद लागतात. पण त्यात गुप्तहेर झाल्यासारखं वाटत नाही ना.

त्याच पडद्यावर ओटीपीही झळकतो. सहा आकडे, सुवाच्य. बँक दर एसेमेसमध्ये सांगते, हा कोणालाही सांगू नका. आपण कुठे सांगतो? फोन सांगतो.

डिलीट करून टाकलं म्हणून निर्धास्त झालेला आणखी एक वर्ग आहे. आयफोनमध्ये उडवलेला फोटो महिनाभर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये पडून असतो. गूगल फोटोजवर बॅकअप घेतलेला असेल तर साठ दिवस. आयओएस १६ नंतर ॲपलने निदान त्या अल्बमला कुलूप घातलं. आधी ज्याला काही शोधून काढायचं असेल तो सरळ तिथेच जायचा. वेचून ठेवलेला ऐवज आयता मिळायचा.

आता जुन्या फोनचं बघू. मुलगा नवा घेतो, जुना आईला देतो. मराठी घरातली ही वारसाहक्काची उलटी रीत. फोन पुसून देतो, कव्हर बदलतो, मोठा फाँट लावतो, विठ्ठलाचा वॉलपेपर ठेवतो. आतलं गूगलचं खातं मात्र त्याचंच. मग याने लोणावळ्यात काढलेला फोटो संध्याकाळी आईच्या फोनवर हजर. ऑफिसच्या मीटिंगला गेलेला मुलगा भुशी डॅमवर कसा, हा प्रश्न आई विचारत नाही. ती तो फोटो ‘आपले कुटुंब’ ग्रुपवर टाकते.

खाली मावशींचा प्रश्न: ‘शेजारी कोण?’

आता कुलपाच्या किल्लीकडे वळू. पॅटर्नमध्ये नऊ टिंबं. त्यातून होणारे पॅटर्न ३ लाख ८९ हजार ११२. म्हणजे रोज एक म्हटलं तरी हजार वर्षं पुरतील. नॉर्वेतल्या एका विद्यार्थिनीने २०१५ मध्ये जवळपास चार हजार पॅटर्न गोळा करून पाहिले, तेव्हा ४४ टक्के लोकांनी सुरुवात डावीकडच्या वरच्या टिंबापासून केलेली निघाली. दहातल्या एकाहून जास्त लोकांनी तर चक्क एखादं अक्षर काढलं होतं, बहुतेकदा स्वतःच्या किंवा जवळच्या कोणाच्या तरी नावाचं.

आपल्याकडे एवढं संशोधन कशाला? ‘एल’, ‘झेड’, नाहीतर लेकीच्या नावाचं आद्याक्षर. तीन प्रयत्नांत फोन उघडतो, चौथा लागला तर मुली दोन आहेत.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की पडद्यावर बोटाचा तेलकट माग राहतो आणि योग्य उजेडात त्याचा फोटो काढला की पॅटर्न वाचता येतो. प्रयोगशाळा, कॅमेरे, दिव्यांचे कोन. इकडे डोंबिवली फास्टमध्ये वडापाव खाल्लेल्या बोटाने फोन उघडणाऱ्याचा पॅटर्न चौथ्या सीटवरचा माणूस नुसत्या डोळ्यांनी पाठ करतो.

पिनचं तर विचारूच नका. बाहेर फुटलेल्या चार आकडी पासवर्डांची एक मोठी छाननी २०१२ मध्ये झाली होती. दहातल्या एकाहून अधिक लोकांचा पासवर्ड होता १२३४. उरलेल्यांत जन्मसाल, लग्नाचं साल, चार शून्यं. आपल्याकडे त्यात भर म्हणजे फोनचा पिन, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच. लक्षात राहायला सोपं. कोणाच्या, ते विचारायचं नाही.

काही सावध मंडळी पिन लिहून ठेवतात. कुठे? फोनच्याच कॉन्टॅक्टमध्ये, ‘रमेश एटीएम’ या नावाने, पुढे दहा आकडे. गोदरेजच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली कपाटावर ठेवणाऱ्यांची ही नातवंडं.

मग बोटाचा ठसा बरा, असं वाटतं. बोट चोरता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोह्याहून बालीला निघालेल्या कतार एअरवेजच्या विमानात एक इराणी कुटुंब होतं. नवऱ्याला डुलकी लागली. बायकोने त्याचं बोट अलगद उचलून त्याच्याच फोनवर टेकवलं. आत जे सापडलं त्यावरून असा दंगा झाला की वैमानिकाने विमान चेन्नईला उतरवलं आणि त्या कुटुंबाला तिथेच उतरवून विमान पुढे गेलं. जगभरच्या पेपरांत बातमी आली.

बोट चोरायला लागलंच नाही. ते शेजारीच झोपलं होतं.

त्याच वर्षी ॲपलने फेस आयडी आणला. परका माणूस तुमच्या फोनकडे बघेल आणि तो उघडेल, याची शक्यता दहा लाखांत एक, असं कंपनीने सांगितलं. जुळ्यांची मात्र हमी दिली नाही. त्यांनी पासकोड लावावा. शिवाय डोळे उघडे असल्याशिवाय फोन उघडत नाही, अशी सोय मुळातच ठेवली. विमानातल्या बातमीशी याचा काही संबंध नसावा.

नसेलही.

घरात कुलपापेक्षा कुलूप लावल्याचीच चर्चा जास्त होते. लॉक का लावलंस? पासवर्ड कधी बदललास? फोन बाथरूममध्ये कशाला? नवीन लग्न झालेल्यांमध्ये पिन एकमेकांना सांगण्याचा एक हळवा समारंभ होतो. दोन वर्षांनी पिन बदलला जातो, त्याला समारंभ नसतो. आणि आई म्हणते, आमच्या वेळी पोस्टकार्ड यायचं, पोस्टमनसकट सगळी आळी वाचायची, काय बिघडलं?

बिघडलं असतं तर त्या आळीने सांगितलं असतं का?

२४ ऑगस्ट २०१७. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. खटला लढला होता के. एस. पुट्टस्वामी यांनी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, निकालाच्या वेळी नव्वदी ओलांडलेले. नऊच्या नऊ न्यायमूर्तींचं एकमत झालं.

घरातल्या चौघांचं व्हायचंय अजून.

आणि हो, जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने हेही सांगितलं की नवरा-बायकोने एकमेकांचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. जोडपं एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत पोचलं असेल तर संसार आधीच मोडलेला आहे, असा साधारण सूर. तेव्हा खासगीपणा मूलभूत आहे, पण कॉल रेकॉर्डरही जपून ठेवा.

एवढी सगळी नाकेबंदी घरच्यांसाठी. आता ती करणाऱ्याच माणसाबरोबर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊ.

‘दादा, एक प्रिंट पाहिजे होती.’

‘व्हॉट्सॲप करा.’ भिंतीवर नंबर चिकटवलेला असतो. हा आधार कार्ड पाठवतो, पॅन पाठवतो, भाडेकरार पाठवतो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाठवतो. काउंटरवरच्या संगणकावर व्हॉट्सॲप सताड उघडं. त्यात वरती कोणाची तरी सोनोग्राफी, खाली कोणाची तरी मार्कशीट, मध्ये एका ताईंचा घटस्फोटाचा मसुदा. रांगेतले पाच जण मान वाकडी करून वाचतायत. दादा ‘डाउनलोड्स’ उघडतात. त्यात आख्खा वॉर्ड आहे, मतदारयादीपेक्षा अद्ययावत.

प्रिंटचे पाच रुपये. फाइल डिलीट करा, असं कोणी सांगत नाही. दादांना वाईट वाटेल.

त्याच माणसाचा फोन दुकानातून निघताना सगळ्या कुलपांनिशी पुन्हा खिशात जातो.

आधारचंच घ्या. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार वापरा. दोन दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं. म्हणे, गैरसमज होईल. मास्क्ड आधार मात्र आजही उतरवून घेता येतं. ते लॉजच्या काउंटरवर देऊन बघा.

‘साहेब, हे फुल्यावालं चालत नाही. ओरिजनल द्या, मी फोटो काढतो.’

स्वतःच्या फोनवर. वैयक्तिक.

सोसायटीच्या गेटवर वही. नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे, कशासाठी, किती वाजता. वर आधी येऊन गेलेल्या वीस जणांचं सगळं उघडं. ‘कारण’ या रकान्यात लोक गंभीरपणे लिहितात ‘पर्सनल’ आणि त्याशेजारी स्वतःचा नंबर देतात. बी-विंगमध्ये दर बुधवारी दुपारी तीनला ‘पर्सनल’ येणारा माणूस वॉचमनला पाठ असतो. त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही.

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानातली पावती कधी नीट बघितलीत? ग्राहकाचं नाव, मॉडेल, बिघाड, आणि खाली कोपऱ्यात छापलेली नऊ टिंबं. तुम्ही तिथे बॉलपेनने तुमचा पॅटर्न काढून द्यायचा, बाण काढून, सुरुवात कुठून तेही दाखवून. कार्बन खाली असतोच. बायकोला दहा वर्षांत न सांगितलेलं हे गुपित आपण चार्जिंग पोर्टसाठी दोन प्रतींत देतो.

सॅमसंगने २०२२ मध्ये याचसाठी मेंटेनन्स मोड आणला, पिक्सेलवर त्यानंतर रिपेअर मोड आला. फोन दुरुस्तीवाल्याला वापरता येतो, तुमचा माल दिसत नाही. सेटिंगमध्येच आहे. पण सेटिंगमध्ये आपण रिंगटोन बदलायला जातो. तेवढंच.

आणि मग ते जगप्रसिद्ध बटण: ‘अलाउ’.

टॉर्चच्या ॲपला तुमचा ठावठिकाणा कशाला हवा? अमेरिकेत हा प्रश्न २०१३ मध्येच विचारून झाला. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं एक ॲप कोट्यवधी लोकांनी घेतलेलं. ते लोकांचं लोकेशन गुपचूप जाहिरातवाल्यांना पोचवत होतं, म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने त्याला धरलं. अँड्रॉइडने २०१५ पासून निदान वापरताना एकेक परवानगी विचारायला सुरुवात केली. त्याआधी सगळ्या परवानग्यांची यादी एकदाच समोर यायची आणि आपण एकदाच ‘हो’ म्हणायचो. आता पाच वेळा विचारतात.

आता आपण पाच वेळा ‘हो’ म्हणतो.

कर्ज देणाऱ्या ॲपांनी याचा धंदा केला. पाच हजारांचं कर्ज, त्यासाठी कॉन्टॅक्ट लिस्टला ‘अलाउ’, गॅलरीला ‘अलाउ’. हप्ता चुकला की फोन तुम्हाला येत नाही. तुमच्या साहेबांना येतो, व्याह्यांना येतो, शाळेतल्या बाईंना येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला: असल्या ॲपांनी फोनमधल्या फाइली, फोटो, कॉन्टॅक्ट, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही; कॅमेरा, माइक, लोकेशन फार तर केवायसीसाठी एकदाच, तेही विचारून. नियम चांगला आहे. ज्यांनी नोंदणीच केली नाही ती ॲपंही तो नक्की वाचत असतील.

यात एक बारीक गंमत. कॉन्टॅक्ट लिस्टला परवानगी दिली म्हणजे आपण आपलं काय दिलं? काहीच नाही. आपण साहेबांचा नंबर दिला, व्याह्यांचा दिला, मावशींचा दिला. दुसऱ्याच्या खासगीपणावर आपण सही करतो आणि आपल्या खासगीपणावर दुसऱ्या कोणीतरी कधीच केलेली असते. कोणाच्या तरी फोनमध्ये तुम्ही ‘सुनील प्लंबर नको’ या नावाने सेव्ह असता.

व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. संमती स्पष्ट आणि सोप्या भाषेत मागायची, इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची मुभा द्यायची. म्हणजे मराठीतसुद्धा. झकास! आजवर आपण इंग्रजी न वाचता ‘आय ॲग्री’ दाबत होतो. यापुढे मराठी न वाचता ‘मी सहमत आहे’ दाबू.

त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना कुठे कुठे सूट आहे, ती कलमं सावकाश वाचा. नाहीतरी लॉक स्क्रीन सेट करताना तुम्ही मोकळेच असता.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली: दूरसंचार खात्याच्या आदेशानुसार नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीपासूनच घालून यायचं. चोरीचा फोन शोधायला उपयोगी ॲप, यात वाद नाही. पण ‘घालून यायचं’ म्हटल्यावर देशभर ओरड झाली, पाळत-पाळत असा गलका झाला आणि दोन-तीन दिवसांत आदेश मागे. लोकशाहीचा विजय! नव्या फोनमध्ये कंपनीने भरून दिलेली खरेदीची, गेमची, बातम्यांची ॲपं मात्र तशीच. ती काढावीत म्हणून कोणी ट्वीटसुद्धा केलं नाही. त्यातल्या निम्म्यांना लोकेशन चालू आहे.

फोन चोरीला गेला तर? दादर स्टेशनच्या पुलावर खिसा हलका झाला. फोनला कुलूप, ॲपला कुलूप, ॲपमधल्या चॅटला कुलूप. मालक मनात म्हणतो, घेऊन करणार काय? चोर टाचणीने ट्रे उघडतो, सिम काढतो, आपल्या फोनमध्ये घालतो. ओटीपी आता तिकडे येतात. सिमलाही पिन लावता येतो, ही सोय बटणांच्या नोकियापासून आहे. टाचणीएवढ्या ट्रेमधून घर रिकामं होऊ शकतं, हे मात्र तीन कुलपांच्या मालकाला बँकेच्या खिडकीवर कळतं.

तरी फोनवर प्रायव्हसी ग्लास आहे. त्याच पुलाखालून घेतलेली, दीडशेची. बाजूच्याला पडदा काळा दिसतो. उन्हात मालकालाही.

आणि एवढं सगळं यशस्वी झालं, म्हणजे खरोखरच कोणाला काही उघडता आलं नाही, असा एकच दिवस येतो. ज्यांचा फोन आहे, ते गेल्यावरचा.

बाबांचे सगळे कागद फोनमध्ये. एफडीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, डिमॅटचे मेल, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या. बँकेत नॉमिनी लावलेला आहे, पोस्टात लावलेला आहे. फोनला? गूगलने २०१३ पासून सोय ठेवली आहे: खातं अमुक महिने वापरात नसेल तर काय करायचं आणि कोणाला कळवायचं, ते आधीच सांगून ठेवा. ॲपलवर २०२१ पासून लेगसी कॉन्टॅक्ट नेमता येतो. बाबांना या सोयी कोणी सांगितल्या नाहीत. सांगायचं म्हणजे विषय काढावा लागतो आणि तो काढला की ‘माझ्या मरणावर टपलात का?’ हे आलंच.

तेराव्यानंतर हॉलमध्ये बैठक बसते. थोरले जन्मसाल टाकून बघतात. धाकटे लग्नाचं साल. सूनबाई म्हणतात, डावीकडून वरून सुरू करा. ‘तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा’, फोन सांगतो. मग पाच मिनिटांनी. एकजण नाक्यावरच्या रिपेअरवाल्याचा नंबर शोधतो. कधीतरी पावतीवर काढून दिलाच असेल की बाबांनी. पावती सापडत नाही.

कोपऱ्यात बसलेला आठ वर्षांचा नातू मान वर करतो. त्याला येतो पॅटर्न. आजोबा दुपारी झोपले की तो त्यावरच गेम खेळायचा.

आधी एवढंच विचारतो, मग फोन मला मिळणार ना?